आधी पाणी, मग नकाशा

पोरी, प्लॉट बघायला गेलीस की टेप लगेच काढू नकोस. आधी शेजारच्या घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस गाठ आणि विचार, ऑक्टोबर २०२० मध्ये पाणी कुठवर आलं होतं? उंबऱ्याला लागलं, की पलंगाला? त्या १३ तारखेला घटकेसरकडे चोवीस तासांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. आपल्या हैदराबादचा वर्षाचा पाऊस साधारण ८०० मिलिमीटर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त एका दिवसात. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला सगळं पाठ असतं: किती वाजता आलं, कुठल्या गल्लीतून आलं, उतरायला किती वेळ लागला. त्याच्याकडून भिंतीवर खडूची रेघ मारून घे. जोत्याची उंची त्या रेघेवरून ठरव, मालकाच्या हौसेवरून नको.

हैदराबाद नगररचना शिकलं ते पुरातून. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदीनं शहराचा मोठा भाग धुऊन नेला. अफजलगंजच्या दवाखान्याच्या आवारातल्या चिंचेवर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली असं सांगतात. ते झाड तू लहानपणी पाहिलं आहेस. पुरानंतर इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना बोलावलं, १९१२ मध्ये सुधारणा मंडळ बसवलं, १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर उभा राहिला. म्हणजे आधी पाण्याचा बंदोबस्त आणि त्याच्यासोबत रुंद रस्ते, कोर्ट, कॉलेज, दवाखाना. आपण पुढे हा क्रम उलटा केला. तलावाच्या पोटात कॉलनी वसवली आणि मग पाणी आलं की सरकारला शिव्या घातल्या. तू मात्र जुना क्रम सोडू नकोस.

कागदावर पाण्यापासून अंतर सोडायचा नियम सोपा आहे. दहा हेक्टर आणि त्याहून मोठ्या तलावाच्या काठापासून ३० मीटर, लहान तलावापासून ९ मीटर, मोठ्या नाल्यापासून ९ आणि छोट्यापासून २ मीटर जागा मोकळी सोडायची. मोजायचं कुठून, तर एफटीएलच्या रेघेपासून, म्हणजे तलाव काठोकाठ भरला की पाणी जिथे टेकतं तिथून. उन्हाळ्यात कोरडं दिसतं तिथून नव्हे. एजंट तुला मे महिन्यातच जागा दाखवेल. २०२४ मध्ये अतिक्रमणं हटवणारी हायड्रा ही सरकारी यंत्रणा आली आणि बुलडोझर फिरू लागले, तेव्हा कित्येकांना पहिल्यांदा कळलं की आपला हॉल तलावात आहे. नकाशा मंजूर होता, बँकेनं कर्ज दिलं होतं, रजिस्ट्री झाली होती. म्हणून जमीन बघताना सर्व्हे नंबर घेऊन जुना टिपण-नकाशा काढ, आणि गावाच्या नावात ‘कुंटा’ किंवा ‘चेरुवू’, म्हणजे तळं, असेल तर दोनदा काढ.

आता जमिनीच्या पोटातलं. इथे खाली सगळा ग्रॅनाइट. वर दोन-चार मीटर मोरम, त्याखाली कुजलेला खडक, त्याखाली अखंड शिळा. पाणी मुरतं ते वरच्या थरात आणि शिळेच्या भेगांत, बाकी कुठे नाही. हजार फूट बोअर मारून धूळ निघाली असं लोक सांगतात, त्यात नशिबाचा भाग नसतो, भेग चुकलेली असते. म्हणून छतावरचं पाणी वाया घालवू नकोस. शंभर चौरस मीटर छतावर ८०० मिलिमीटर म्हणजे वर्षाला ८०,००० लिटर. उडालेलं, सांडलेलं सोडलं तरी साठ हजार कुठे गेले नाहीत. जलमंडळ ३०० चौरस गजांवरच्या प्लॉटला शोषखड्डा मागतं, म्हणून लोक नावापुरता खड्डा करतात आणि वर फरशी बसवून गाडी लावतात. तू खड्डा मोरमाच्या थरात उतरलाय का ते स्वतः वाकून बघ. आधी गाळ बसण्यासाठी छोटी टाकी कर, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी ठेव. आणि आवारात जुना आड असेल तर तो बुजवू देऊ नकोस. मालक म्हणेल डास होतात, वास येतो, पोरं पडतील. जाळी बसव, गाळ काढ, छताचं पाणी गाळून त्यात सोड. बन्सीलालपेठची बारव कचऱ्यानं तोंडापर्यंत भरली होती. साफ करून डिसेंबर २०२२ मध्ये खुली केली, आणि आता तिथे लोक फोटो काढायला जातात. गोवळकोंड्याच्या कुतुबशाही कबरींमधली बडी बावली २०१३ च्या पावसात ढासळली होती, तीही पुन्हा उभी राहिली आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या पारितोषिकात आली. अशा विहिरी मेलेल्या नसतात, दुर्लक्षित असतात.

प्लॉटमध्ये मोठा धोंडा असेल तर सुरुंग लावण्याआधी एक रात्र विचार कर. या शहरात १९९६ पासून खडक वाचवणारी संस्था आहे ती उगीच नाही. धोंड्याभोवती अंगण केलं की फोडण्याचा, उचलण्याचा, टाकण्याचा खर्च वाचतो आणि घराला असं काही मिळतं जे कोणत्याही इंटीरियरवाल्याकडे विकत मिळत नाही.

खरं सांगायचं तर नव्या घरांपेक्षा तुझ्याकडे जुनी घरंच जास्त येतील. सुलतान बाजार, इसामिया बाजार, गौळीगुडा, काचीगुडा या भागांत आपल्या मराठी माणसांची घरं आहेत. १९०७ साली विवेकवर्धिनी याच टापूत उभी राहिली. माणसं पुढे कुकटपल्लीला, पुण्याला, न्यू जर्सीला गेली; घरं राहिली. पुढे दुकानं, मागे चौक, वर कडीपाट, खाली शहाबादी. शहाबाद, तांदूर, औरंगाबाद सगळं १९५६ पर्यंत एकाच राज्यात होतं, त्यामुळे हीच फरशी तुला नांदेडच्या वाड्यातही पायाखाली लागेल.

अशा घरात शिरल्यावर वर बघू नकोस. सगळे आर्किटेक्ट आधी वरची नक्षी बघतात. तू खाली बघ. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत भिंतीला लोणा लागला असेल, गिलावा फुगून पावडर होत असेल, तर बाहेर रस्त्यावर जा. दर चार-पाच वर्षांनी डांबराचा नवा थर, जुना न खरवडता. रस्ता वर येत गेला आणि घर खाली राहिलं. ज्या ओट्यावर आजोबा तीन पायऱ्या चढून बसायचे, तिथे आता रस्त्यावरून पाय खाली टाकावा लागतो. पावसाचं पाणी भिंतीला टेकून उभं राहतं, भिंत ते पिते, वर चढवते, वाऱ्यावर सोडते, आणि क्षार मागे ठेवते. हे कळलं नाही तर तू आत कितीही रंग लाव. भिंतीलगतची माती खणून काढ, एक अरुंद चर घे, त्यात खडी घाल, उतार गटाराकडे दे. फुटलेला पन्हाळ बदल. मोरीची गळती शोध. मग एक पावसाळा जाऊ दे. निम्मी ‘जीर्णोद्धाराची’ कामं एवढ्यानंच मिटतात, आणि त्यात आर्किटेक्टला फी कमी मिळते, हे कबूल. पण तो मालक पुढे तीन गिऱ्हाइकं पाठवतो.

यानंतर येतो सिमेंटचा प्रश्न, आणि इथे तुला भांडावं लागणार आहे. जुनी भिंत चुन्यात बांधलेली. चुना मऊ, श्वास घेणारा. भिंतीतला ओलावा तो बाहेर जाऊ देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओलावा आत कोंडतो, क्षार विटेच्या तोंडाशी फुलतात, आणि दोन-तीन वर्षांत सिमेंटचा पापुद्रा विटेचं तोंड घेऊन खाली येतो. वीट मऊ, सिमेंट टणक. हार मऊ वस्तूची होते. कुतुबशाही कबरींवर आगाखान ट्रस्टनं २०१३ नंतर काम सुरू केलं तेव्हा विसाव्या शतकात मारलेलं सिमेंट काढून टाकणं हा त्या कामाचा मोठा भाग होता. मेस्त्री म्हणेल, ‘अम्मा, दस टका सिमेंट डालो, पकड आती.’ त्याला म्हण, पकड नको, सुटका हवी. दहा टक्केही नको.

चुन्याचं काम मन लावून शिकून घे. चांगला कळीचा चुना आणायचा, पावडरचा पुडा नाही. खड्ड्यात आधी पाणी घ्यायचं आणि त्यात कळी टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. ती फसफसते, उकळते, अंगावर उडते. कामगारांच्या डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे आहेत का हे तू बघायचं, कंत्राटदार बघणार नाही. मग वर पाण्याचा थर ठेवून निदान तीन आठवडे मुरू द्यायचा. मुरलेला चुना थापीवर लोण्यासारखा बसतो, खडे लागत नाहीत. खडे लागले तर परत चाळून मुरव, कारण न विझलेला खडा भिंतीत गेल्यावर फुगतो आणि गिलाव्याला टिकल्या पाडतो. त्यात वाळू आणि विटेची सुरखी घालून घाणीत दळायचा. बैलाची घाणी आता कुठे मिळायची, गिरणी-मिक्सर चालतो, पण फावड्यानं वरवर कालवलेलं चालत नाही. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा, उडदाचं पाणी यांबद्दल प्रत्येक मेस्त्रीचं आपलं शास्त्र असतं. दोन गोष्टी ध्यानात ठेव: जास्त गूळ म्हणजे जास्त मजबुती नव्हे, आणि नमुना केल्याशिवाय काहीच वापरायचं नाही. मागच्या भिंतीवर हातभर चौकोन लाव, महिनाभर बघ, मग पुढच्या भिंतीला हात घाल.

थर पातळ दे, बोटापेक्षा जाड नको. दोन थरांत दिवस जाऊ दे. गोणपाट ओलं करून टांग. एप्रिल-मे मध्ये चुन्याचं काम काढूच नकोस, बेचाळीस अंशात तो वाळतो, पक्का होत नाही. त्याला हवेतला वायू शोषून दगड व्हायला वेळ लागतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मालकाला मुलाच्या लग्नाआधी सगळं हवं असतं. त्याला रंगाची तारीख दे, चुन्याची देऊ नकोस. चारमिनारच्या एका मिनारावरचा चुनेगच्चीचा तुकडा मे २०१९ मध्ये खाली आला तेव्हा टीव्हीवर दिवसभर गोंधळ चालला. १५९१ ची इमारत, चारशेहून जास्त पावसाळे सोसलेली. एक तुकडा पडला. आपल्या स्लॅबचा गिलावा पंधरा वर्षांत पडतो त्याची बातमी होत नाही.

लाकडासाठी सोबत एक टोच्या ठेव. तुळई मध्यभागी सहसा दगा देत नाही, भिंतीत गेलेल्या टोकाशी देते. तिथे ओलावा आणि वाळवी दोन्ही. टोकाला टोच्या घुसला तर तुळई बदलू नको, टोक बदल. नव्या सागाचा तुकडा जोडून पोलादी पट्टी बसवणारे सुतार अजून आहेत. आणि छत उघडल्याशिवाय अंदाजपत्रकाचा शेवटचा आकडा देऊ नकोस. कडीपाटावर किती माती आहे, त्यावर कितीदा कोबा केलाय, कुणी मधे स्लॅबचा तुकडा टाकलाय का, हे उघडल्यावरच कळतं. मी दोन भागांत फी घेत आले: पाहणीची वेगळी, कामाची वेगळी. पाहणीची फी कधी माफ करू नकोस. फुकटचा सल्ला कुणी पाळत नाही.

भिंतींपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे माणसं. वाडा पावसानं कमी पडतो, वाटणीनं जास्त. एक भाऊ विकायला तयार, दुसरा राहायला, तिसरा फोन उचलत नाही. तोवर छतावर पिंपळ उगवतो. नकाशा काढण्याआधी वारसांची यादी माग. त्यात बहिणींची नावं आहेत का बघ. आपल्याकडे १९८६ सालीच आंध्र प्रदेशानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरी आजही भाऊ सांगतात, ‘ताईला काही नको.’ ताईच्या सहीशिवाय काम सुरू करू नकोस. ताई मॅरिएटा किंवा मेलबर्नमध्ये असली तरी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण नियम बदलतात आणि तू ते माझ्यापेक्षा चांगले वाचशील. ७५ चौरस गजांपर्यंतच्या छोट्या घराला परवानगीची कटकट नाही, नोंदणी पुरे. त्यावरच्या घरांचं काम २०२० पासून ऑनलाइन स्वप्रमाणनावर आलं आणि आता बिल्डनाऊ या पोर्टलवर चालतं. स्वप्रमाणन म्हणजे खोटं निघालं तर सही तुझी आहे. वारसा वास्तूंबाबत मात्र जपून. १९९५ ला नगरविकास प्राधिकरणाच्या नियमावलीत आलेलं वारसा जपणारं तेरावं कलम २०१५ च्या डिसेंबरात काढून टाकलं गेलं, २०१७ चा राज्याचा वारसा कायदा आला, आणि मधल्या खिंडीत किती देवड्या, म्हणजे जुने सरदारी वाडे, गेल्या त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. इर्रम मंझिल हा जुना महाल पाडून विधानसभा बांधायचा बेत सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं थांबवला तो याच नियमांच्या आधारावर, म्हणून कागद वाचायचा कंटाळा करू नकोस. घर चारमिनारपासून १०० मीटरच्या आत असेल तर नवं बांधकाम बंद, आणि दुरुस्तीलाही पुरातत्त्वाचा ना-हरकत लागतो. पुढच्या २०० मीटरांतही परवानगी लागतेच. आणि आता जुन्या शहरात मेट्रो आणि रुंदीकरणानं घरांच्या दर्शनी भिंती जाताहेत. अशा घराचा मालक रडत येईल. त्याला आधी सांग, कापण्यापूर्वी सगळ्या खोल्यांचे फोटो आणि मापं घे, दार-खिडक्या, कमानी, जाळ्या काढून नंबर घालून ठेव. मागची भिंत पुढची झाली तरी जुना दरवाजा तिथे बसू शकतो. आणि जे मोडेल ते रस्त्यात टाकू देऊ नकोस. राडारोडा दळून वाळू-खडी करणारे प्रकल्प जीडीमेटला आणि फतुल्लागुड्याला आहेत.

नवं घर बांधताना ‘ग्रीन’ शब्दानं भुलू नकोस. २००४ मध्ये या शहरात सीआयआयचं गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर उभं राहिलं, अमेरिकेबाहेरची पहिली प्लॅटिनम मानांकनाची इमारत म्हणून जगभर नाव झालं. ते जाऊन बघ, चौक आणि जाळी कशी वापरली आहे ते बघ. मग परत येऊन १९१६ च्या काचीगुडा स्टेशनात जाऊन बस. तिथेही आता हरित स्थानकाचं मानांकन लागलंय, पण उंच छत आणि खोल व्हरांडे मानांकनाच्या शंभर वर्षं आधीपासून काम करताहेत. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, रात्र त्या मानानं थंड. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कपाटं टाक. झोपायच्या खोल्या तिकडे नकोत. पश्चिमेची खिडकी लहान आणि छज्जा खोल. रात्री वारा आरपार जाईल असे समोरासमोर झरोके ठेव, वरच्या बाजूला. छत पांढरं कर. राज्यानं २०२३ मध्ये शीत-छत धोरण आणलं, ६०० चौरस गजांपासूनच्या प्लॉटवरच्या घरांना ते सक्तीचं. तू शंभर गजाच्या घरालाही कर. चायना मोझॅकचे तुकडे किंवा चांगला पांढरा लेप, दोन्ही चालतात, पण दरवर्षी धुवायला पाहिजे, धुळीनं मळलेलं पांढरं छत काही कामाचं नाही. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर पॅनेलना ७८,००० रुपयांपर्यंत मदत मिळते, घ्यावी. फक्त कडीपाटाच्या छतावर पॅनेल उभे करायच्या आधी तुळईची टोकं तपास.

वास्तूचा विषय निघणारच. इथे तो नकाशापेक्षा मोठा आहे. ईशान्येला पाणी हवं म्हणतात, दे. तिथे शोषखड्डा आला तर बिघडलं काय? नैऋत्येला जड भिंत हवी म्हणतात, तीही दे, दुपारचं ऊन अडतं. ज्या ठिकाणी वास्तुवाला चांगलं उजेडाचं दार बंद करायला सांगेल तिथेच फक्त भांड.

मेस्त्री लोकांना जपून वागव. पालमूरची माणसं येतात, वडार येतात, आता ओडिशा-बिहारचे जास्त. चुनेगच्चीत घोटाई करणारा जुना हात सापडला तर त्याला पुढच्या दोन कामांचं आधीच सांगून ठेव, नाहीतर तो टाइल्सच्या कामावर जातो आणि परत येत नाही. त्याच्या हाताखाली एक तरुण पोरगा ठेवायची अट कंत्राटात लिही, मजुरी मालकाकडून. हे मी पहिल्यापासून लिहीत आले, आणि आज माझ्याकडे चुना लावणारी जी चार माणसं आहेत ती त्याच अटीतून तयार झालेली आहेत. त्यांचे नंबर निळ्या वहीत शेवटच्या पानावर आहेत.

गौळीगुड्याच्या घराचं माप घ्यायला सोमवारी जाते आहेस ना? टॉर्च, टोच्या आणि खडू घे, घरच्यांना ताईचा पत्ता विचार, आणि सकाळी आठच्या आत पोच. दहानंतर तिथे स्कूटर लावायलाही जागा मिळत नाही.